मिनिव्हॅनमागे बोट: शनिवारची सकाळ रॅम्पवर वाया जाऊ नये म्हणून

नोव्हाय, कँटन, ट्रॉय या डेट्रॉइटजवळच्या गावांकडच्या ओळखीच्या घरांमधून दर वसंतात कुणी ना कुणी मला विचारतं, "बोट घ्यायची आहे, कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "गाडी कुठली आहे?" बहुतेकांना वाटतं मी विषय बदलते आहे. पण मिशिगनमध्ये घराजवळ तळी इतकी आहेत की बोट महिनोन्‌महिने धक्क्यावर भाड्याने ठेवायची काही गरज नाही. ट्रेलरवर घालायची, शनिवारी सकाळी न्यायची, संध्याकाळी परत गॅरेजमध्ये. त्यामुळे बोट चालवायला शिकण्याआधी ती ओढायला शिकावं लागतं. पाण्यावर चूक झाली तर सावरायला जागा असते. हायवेवर आणि रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, ती नसते.

मी गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करते, म्हणून वजनापासूनच सुरुवात करते.

आमच्याकडे टोयोटा सिएना आहे. तिची ओढायची क्षमता ३५०० पौंड. हाँडा ओडिसीचीही तेवढीच. पेट्रोलवर चालणाऱ्या हाँडा सीआर-व्हीची मात्र १५०० पौंडच, आणि इथे बरेच जण फसतात. जाहिरातीत १६ फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीचं वजन ८०० पौंडांच्या आसपास लिहिलेलं असतं. ते नुसत्या सांगाड्याचं. त्यावर ४० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे अडीचशे, ट्रेलरचे साडेचारशे, बॅटरीचे पन्नास, पेट्रोलचे दर गॅलनला सहा, मग नांगर, दोर, लाइफ जॅकेट, कूलर. बेरीज १७०० च्या पुढे जाते. सिएनाला हे सहज झेपतं, सीआर-व्हीला नाही. "थोडंच जास्त आहे, चालून जाईल" हे ऐकलं की मी दुसरी गाडी घ्या किंवा छोटी बोट घ्या, एवढंच सांगते.

दुसरा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल. हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ट्रेलर जोडायच्या जोडणीवर, ट्रेलरचं जे वजन टेकतं तेही यातच धरायचं. सासू-सासरे, दोन मुलं, आपण दोघं आणि भरलेला कूलर एवढं मोजलं की मिनिव्हॅनमध्ये फारसं काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे आमच्याकडे जड सामान बोटीत जातं, माणसं गाडीत. शंका असेल तर ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर सगळं लटांबर एकदा घेऊन जा. पावती हातात आली की अंदाज बांधत बसावं लागत नाही.

हिचवर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावा. आमच्याकडे पावणेदोनशे पौंड. मोजायची सोपी रीत: बाथरूममधला वजनकाटा फळीवर ठेवायचा आणि ट्रेलर सपाट असताना त्याच्या पुढच्या टोकाचा जॅक त्यावर टेकवायचा. भार कमी भरला तर वजन मागे गेलं आहे असं समजा, आणि असा ट्रेलर ५५ मैलांच्या पुढे शेपूट हलवायला लागतो. कूलर आणि बॅटरी पुढे सरकवून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब पुढे-मागे करून बोटच सरकवावी लागते.

शुक्रवारी संध्याकाळी

शनिवारी सकाळी डबे, मुलांचे टॉवेल आणि सनस्क्रीन यांत डोकं गुंतलेलं असतं. म्हणून ट्रेलरची तपासणी मी आदल्या दिवशी करते.

टायर आधी. ट्रेलरच्या टायरवर एसटी (स्पेशल ट्रेलर) अशी अक्षरं असतात. त्यांत हवा गाडीच्या टायरसारखी अंदाजाने भरायची नसते. बाजूवर जो जास्तीत जास्त आकडा लिहिला आहे तेवढी, तीही टायर थंड असताना. डॉट या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदला. ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, उभ्या उभ्या उन्हाने जातो. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का, आणि गाडीतला पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हेही घरीच पाहून ठेवा. हायवेच्या कडेला पाना बसत नाही असं कळलं तर शनिवार तिथेच संपतो.

बेअरिंगमधलं ग्रीस हा बोटीच्या ट्रेलरचा खास प्रश्न. दुसरे ट्रेलर पाण्यात बुडत नाहीत, हा दर वेळी बुडतो. हायवेवरून तापून आलेलं चाक थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजायला लागतं. म्हणून वर्षातून एकदा बेअरिंग उघडून स्वच्छ करून नवीन ग्रीस भरायचं. रॅम्पवर पोचल्यावर लगेच पाण्यात न घालता दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात बाकीची तयारी होतेच. वाटेत पेट्रोलला थांबलात की चाकाच्या मध्यावर हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

ट्रेलर जोडताना बॉलचा, म्हणजे हिचवरच्या धातूच्या गोळ्याचा, आकार पाहणं सर्वांत महत्त्वाचं. कपलरवर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं टोक) आणि बॉलवर दोन्हीकडे माप कोरलेलं असतं: पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा, म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश, किंवा दोन इंच. दोन इंची कपलर लहान बॉलवर बसतो, खटका लागतो, डोळ्याला सगळं बरोबर दिसतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उडतो. मिशिगनच्या रस्त्यांवर मार्च-एप्रिलनंतर खड्ड्यांची वाण नसते. म्हणून खटका लावून पिन घातली की ट्रेलरच्या जॅकने पुढचं टोक वर उचलून बघायचं. व्हॅनची मागची बाजू सोबत वर आली तर जोड पक्का आहे. मग जॅक पूर्ण वर घेऊन आडवा करून टाका.

साखळ्या एकमेकींना छेदून लावायच्या. कपलर निसटलाच तर पुढचं टोक रस्त्यावर न आपटता त्या झोळीत अडकतं. वळताना ताणल्या जाणार नाहीत एवढ्या सैल, जमिनीला घासणार नाहीत एवढ्या आखूड. दिव्यांच्या चार तारांत पांढरी अर्थ, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. दिवे मिणमिणत असतील तर दहापैकी नऊ वेळा पांढऱ्या तारेचा जोड गंजलेला असतो. तिथून सुरुवात करा, बल्ब नंतर.

बोटीचं नाक विंचच्या पट्ट्याने आणि शिवाय एका वेगळ्या साखळीने बांधलेलं हवं. मागचे दोन कोपरे रॅचेटच्या पट्ट्यांनी ट्रेलरला. विंच बोट ओढण्यासाठी आहे, रस्त्यावर धरून ठेवण्यासाठी नाही.

रिव्हर्स

यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, आणि विशेषतः घरातल्या बायकांशी. रॅम्पवर बहुतेक वेळा नवरा गाडीत आणि बायको पाण्याच्या कडेला हातवारे करत, असं चित्र दिसतं. दोघांनाही दोन्ही कामं आली पाहिजेत. पाण्यावर एकाला चक्कर आली, कंबर धरली किंवा तो पाण्यात पडला, तर दुसऱ्याला बोट किनाऱ्याला आणून, ट्रेलरवर चढवून, घरी न्यावी लागेल. हे येणं ही सुरक्षेची गोष्ट आहे, आणि गाडी चालवता येणाऱ्या कुणालाही ते जमतं. मी शिकवलेल्या मैत्रिणींपैकी एकीलाही ते जमलं नाही असं झालेलं नाही.

रविवारी सकाळी शाळेचं पार्किंग रिकामं असतं. तिथे बोटीसकट ट्रेलर न्या. एक हात स्टिअरिंगच्या तळाशी, सहा वाजतात तिथे ठेवा. आता ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात हलवा. हात डावीकडे, ट्रेलर डावीकडे. उलटसुलट विचार करायची गरज संपते. स्टिअरिंग थोडंसंच फिरवा आणि थांबून बघा, कारण ट्रेलर उशिरा ऐकतो आणि मग एकदम ऐकतो. वळायला लागला की चाकं सरळ करत त्याच्या मागे जायचं. एका आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला तर तो त्या बाजूला चाललाय. त्याच आरशाकडे स्टिअरिंग थोडं फिरवलं, म्हणजे तळाशी धरलेला हात उलट बाजूला नेला, की सरळ होतो. आणि कोन फार झाला तर हट्ट करू नका. पुढे जा, सरळ व्हा, पुन्हा या. छोटा ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा चटकन वाकतो, त्यामुळे १६ फुटी बोटीला जरा जास्त सराव लागतो.

पांढऱ्या पट्ट्यांच्या एका जागेत ट्रेलर दोन्ही बाजूंनी सलग चार-पाच वेळा नीट गेला की रॅम्पवर जायला हरकत नाही. बाहेर उभं राहणाऱ्याशी तीनच खुणा ठरवा: ये, थांब, पुढे जा. त्याहून बरं म्हणजे फोन स्पीकरवर टाका. मग मोठ्याने ओरडावं लागत नाही आणि आख्ख्या रॅम्पला आपला संसार ऐकू जात नाही.

हायवेवर मी साठच्या वर जात नाही. बरेचसे एसटी टायर ६५ मैलांच्या वेगासाठीच बनवलेले असतात. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा, उजवीकडे वळताना पुढे जाऊन मग वळा, नाहीतर ट्रेलरचं चाक फुटपाथवर चढतं. ट्रेलर डोलायला लागला तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगशी झटापट करू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि गाडी सरळ धरा. मग थांबून वजन पुढे घ्या.

रॅम्पवर

रॅम्पवर गाडी नेण्याआधी शेजारी तयारीची जागा असते. सगळी कामं तिथे. मागचे पट्टे सोडा, सामान बोटीत टाका, दोर बांधा, इंजिन वर उचललेलं आहे ना पाहा, दिव्यांची तार गाडीपासून काढा. आणि बूच लावा. बोटीच्या मागच्या तळाला पाणी सोडायचं भोक असतं, ते घरी ठेवताना उघडं ठेवायचं असतं आणि पाण्यात जाण्याआधी बंद. घरातल्या एका माणसाला बुचाचं काम द्या. आमच्याकडे ते धाकट्या मुलीकडे आहे. तिने "बूच!" म्हटल्याशिवाय मी रिव्हर्स गिअर टाकत नाही.

विंचचा पट्टा आणि नाकाची साखळी यांना तयारीच्या जागेत अजिबात हात लावायचा नाही. ट्रेलरच्या फळ्यांवरचं गालिचाचं कापड ओलं असलं की बोट घसरते, आणि उतारावर ती थेट काँक्रीटवर जाते. बोटीचा मागचा भाग तरंगायला लागल्यावरच साखळी सोडायची, मग पट्टा. तोवर कुणीतरी दोर धरून धक्क्यावर उभं असलं पाहिजे.

रॅम्पचा पाण्यालगतचा भाग शेवाळाने निसरडा असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मिनिव्हॅनची पुढची चाकं कोरड्या भागात राहतात हे चांगलं, पण ट्रेलरच्या वजनाने व्हॅनचं नाक हलकं झालेलं असतं, त्यामुळे चढताना चाक फिरू शकतं. अ‍ॅक्सिलरेटर हलकेच द्या. उतारावर थांबताना आधी हँडब्रेक, मग पार्क. गाडीत मुलं बसलेली असताना रॅम्पवर जाऊ नका. सगळे बाहेर, फक्त ड्रायव्हर आत, खिडक्या उघड्या आणि सीटबेल्ट सोडलेला.

परत चढवताना ट्रेलर फार खोल घालणं हा नेहमीचा घोटाळा. मग बोट तरंगत राहते आणि वाकडी बसते. फळ्यांचा पुढचा तिसरा हिस्सा पाण्याच्या वर दिसला पाहिजे. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूने थोडं वर राहून या. शेवटचे काही फूट विंचने ओढा. इंजिनच्या जोराने बोट ट्रेलरवर चढवू नका. पंख्याच्या पाण्याने रॅम्पच्या टोकाला खड्डा पडतो आणि पुढच्या कुणाचं तरी चाक त्यात जातं. इंजिन वर घेऊनच ट्रेलर बाहेर काढा, आणि बाहेर आल्यावर रॅम्प मोकळा करून मग पट्टे बांधा.

आई-बाबा आले असतील तर

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात आणि त्यांना बोटीत न्यायचं असतं. त्यांना रॅम्पवरून चढवू नका. बोट धक्क्याला दोन दोरांनी घट्ट बांधा, इंजिन बंद करा, एक जण बोटीत, एक धक्क्यावर. पाय बोटीच्या मध्यावर टाकायचा, काठावर नाही. हात माणसाचा धरायचा, खांबाचा नाही. चढल्यावर लगेच बसायचं. आईला साडीऐवजी सलवार-कमीज आणि मागे पट्टा असलेल्या चपला. लाइफ जॅकेट फोमचं द्या, स्वतः फुगणारं नको. पोहता न येणाऱ्याला फुगण्याची वाट पाहायला लावायचं नाही. ते धक्क्यावरच घालून, पट्टे ओढून, खांद्यांना धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. मिशिगनचा कायदा सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या डेकवर जॅकेट घालायलाच लावतो. आमच्या बोटीत वयाचा प्रश्न नाही, सगळे घालतात. बोट १६ फूट किंवा जास्त असेल तर पाण्यात फेकता येईल असं एक साधनही लागतं.

कुठे जायचं

सुरुवातीला केन्सिंग्टन मेट्रोपार्कमधला केंट लेक. साधारण १२०० एकरांचा, आणि वेगाची मर्यादा ताशी १० मैल, त्यामुळे मोठ्या लाटा उठवणारं कुणी नसतं. आय-९६ वरून थेट जाता येतं. मेट्रोपार्कचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. गाडीच्या प्लेटबरोबर घेतलेला राज्याचा रिक्रिएशन पासपोर्ट तिथे चालत नाही, तो राज्याच्या रॅम्पवर चालतो. शनिवारी सकाळी आठच्या आत पोचा. मेमोरियल डेपासून लेबर डेपर्यंत, म्हणजे मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, दहानंतर रांग लागते.

हात बसला की लेक सेंट क्लेअर. ४३० चौरस मैल, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. उथळ आणि रुंद पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि छोट्या बोटीला गदगदा हलवतात. हवामान खात्याने छोट्या बोटींसाठी इशारा दिला असेल तर त्या दिवशी केन्सिंग्टन. या तलावाच्या मधून कॅनडाची हद्द जाते आणि पाण्यावर रेषा काढलेली नाही. व्हिसावर आलेले आई-बाबा सोबत असताना मी पश्चिमेच्या किनाऱ्यालगतच राहते, फोनवर नकाशा उघडा ठेवते, आणि सगळ्यांची कागदपत्रं न भिजणाऱ्या पिशवीत असतात.

कागदांचं थोडक्यात: बोटीची नोंदणी तीन वर्षांची, एमसीने सुरू होणारा नंबर नाकाच्या दोन्ही बाजूंना. ट्रेलरला वेगळी, कायमची प्लेट. १ जुलै १९९६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला बोट चालवायला सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. बाकीच्यांना सक्ती नाही, तरी कोर्स कराच. तलावावर घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, हे तिथेच कळतं. विमा कंपनीला विचारा की ट्रेलरवरच्या बोटीचं नुकसान कुणाच्या पॉलिसीत येतं.

निघताना

रॅम्पवरून बाहेर आल्यावर बूच काढा, सगळं पाणी सोडा, मासे ठेवायच्या टाकीतलंसुद्धा. ट्रेलरच्या आसावर, फळ्यांमध्ये, इंजिनच्या पंख्यावर अडकलेली पाणवनस्पती हाताने काढा. मार्च २०१९ पासून मिशिगनमध्ये हा कायदा आहे आणि १०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडासाठी नव्हे, तळ्यासाठी करा. १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले ते याच लेक सेंट क्लेअरमध्ये. समुद्री जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून ते आले आणि पुढे आतल्या तळ्यांत पोचले ते आपल्यासारख्यांच्या ट्रेलरवरून. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीच्या तळाशी राहिलेलं वाटीभर पाणी त्यांना पुरतं.

त्यामुळे शनिवारी सेंट क्लेअर आणि रविवारी केन्सिंग्टन असा बेत करू नका. दोन्ही दिवस जायचं असेल तर त्याच तलावावर जा. तलाव बदलायचा असेल तर बोट गरम पाण्याने धुऊन निदान पाच दिवस उन्हात कोरडी होऊ द्या, दोर आणि नांगरासकट.